ॲक्वापोनिक्समध्ये कोवळी पानं पिवळी आणि पीएच ८ च्या खाली उतरेना: काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लक्षणं

ॲक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीचं पाणी खडीच्या वाफ्यांतून फिरवून त्यावरच भाजी पिकवणं. त्यात खालच्यापैकी तीन-चार गोष्टी एकत्र दिसत असतील तर पुढचं वाचा.

- पालक, पुदिना, लेट्यूस, टोमॅटो यांची शेंड्याकडची कोवळी पानं पिवळी होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. दुर्लक्ष केलं तर पुढची पानं जवळजवळ पांढरीच फुटतात.
- पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, ७.८ ते ८.४ च्या आसपास असतो. ॲसिड घातलं की उतरतो आणि एक-दोन दिवसांत परत होता तिथे येतो.
- टाकीत पाण्याच्या रेषेवर, पाइपच्या तोंडाशी आणि खडीच्या वरच्या थरावर पांढरी खपली धरते.
- मासे नीट खातात, नायट्रेट भरपूर दिसतं, तरी भाजी वाढत नाही.
- त्रास उन्हाळ्यात वाढतो, पावसाळ्यात आपोआप कमी होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

पुणे, सोलापूर, नगर, संभाजीनगर या पट्ट्यात गच्चीवर किंवा शेडमध्ये बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सेटअपमध्ये मी हाच बिघाड सर्वात जास्त वेळा दुरुस्त केला आहे. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मालकाने आधी खत वाढवलेलं असतं, मग ॲसिड, मग पुन्हा खत. झाडाला लागणारं लोह पाण्यात असूनही मिळत नाही आणि पाण्यातलं बायकार्बोनेट हटल्याशिवाय पीएच जागचा हलत नाही. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या आहेत, म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

मासे वर येऊन तोंड उघडत असतील किंवा त्यांनी खाणं सोडलं असेल तर पीएचला हात लावू नका. एअर पंप पाहा, खाद्य बंद करा, अमोनिया मोजा. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यात तासांना किंमत असते.

हे का होतं

माशांच्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवून टाकणारं बायकार्बोनेट, खातं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. मृदू पाण्यावर चालणाऱ्या सेटअपमध्ये त्यामुळे पीएच हळूहळू खाली येतो आणि मालकाला अधूनमधून चुना घालावा लागतो. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अशा पाण्यासाठीच लिहिलेले असतात. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी जी पद्धत बसवली, तीही साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर चालायची.

आपल्याकडे उलट घडतं. दख्खनच्या काळ्या दगडातून झिरपून आलेलं बोअरचं पाणी भरपूर बायकार्बोनेट घेऊन येतं. पाण्याची वाफ होते, क्षार टाकीतच राहतात, आणि कमी झालेलं पाणी आपण पुन्हा बोअरचं भरतो.

याचा रोजचा जमाखर्च मांडून पाहा. १००० लिटरच्या सेटअपमध्ये ३२ टक्के प्रथिनांचं ५० ग्रॅम खाद्य दिवसाला घातलं, तर साधारण दीड ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन तयार होतो आणि त्यामागे १० ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. बोअरच्या पाण्यात लिटरला ३५० मिलिग्रॅम अल्कलिनिटी असेल आणि एप्रिलमध्ये रोज ३० लिटर पाणी भरावं लागत असेल, तर १० ग्रॅमहून थोडी जास्तच जमा होते. पीएच उतरणार कुठून? थंडीत बाष्पीभवन कमी होतं, पण मासेही कमी खातात, म्हणून आम्लही कमी बनतं. पावसाळ्यात टाकीत पावसाचं पाणी पडतं आणि मालकाला वाटतं आजार बरा झाला.

आता पीएच आणि लोह. ७ च्या वर साधं लोह पाण्यात विरघळलेलं राहत नाही, गंजासारखं होऊन तळाला बसतं. मुळांना ते घेता येत नाही. मँगेनीज आणि जस्ताचंही काही अंशी असंच होतं. माशांच्या खाद्यात झाडांना लागणारी बरीचशी अन्नद्रव्यं असतात, पण लोह, पोटॅशियम आणि कॅल्शियम कमी पडतात. त्यामुळे जे आधीच थोडं आहे ते पीएचमुळे आणखी दुर्मीळ होतं.

१. पान आणि मूळ पाहा

पैसे लागत नाहीत, आणि अर्धे प्रश्न इथेच सुटतात. पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे की जुन्या, हे सगळ्यात आधी ठरवा. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात हलत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानांवर दिसते. नायट्रोजन, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम जुन्या पानांतून काढून नव्यांना देता येतात, म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर दिसते.

खालचं पान सगळंच फिकट असेल तर नायट्रोजन कमी आहे: मासे कमी किंवा खाद्य कमी. खालच्या पानाच्या कडा करपल्या असतील तर पोटॅशियम. खालच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांची टोकं जळत असतील किंवा टोमॅटोचं बूड काळं पडत असेल तर कॅल्शियम झाडापर्यंत पोचत नाही. हार्ड पाण्यात कॅल्शियम भरपूर असूनही असं होतं, कारण ते झाडात पाण्याच्या ओढीबरोबर चढतं. कोंदट, वारा नसलेल्या शेडमध्ये ही ओढ मंदावते.

मग एक झाड उपटून मूळ पाहा. पांढरं, कडक मूळ चांगलं. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारं मूळ म्हणजे वाफ्यात प्राणवायू पोचत नाही. अशा मुळांना पीएच ६.८ असला तरी काही घेता येत नाही. आधी खडीतला गाळ धुवा, सायफनने वाफा नीट रिकामा होतो का पाहा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) साफ करा. पीएचकडे नंतर वळा.

२. मीटरवर विश्वास ठेवण्याआधी

ऑनलाइन मिळणारं पिवळं पीएच पेन सगळ्यांकडे असतं आणि त्यातली बरीच अर्धा-पाऊण अंकाने चुकलेली असतात. पेनाबरोबर बफर पावडरच्या, म्हणजे ठरावीक पीएचचं पाणी बनवायच्या, पुड्या येतात, बहुधा ६.८६ आणि ४.०० च्या. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या डिस्टिल्ड पाण्यात त्या विरघळवा. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी चालतं, पण बॅटरीचं ॲसिड उचलून आणू नका. पेन आधी ६.८६ ला जुळवा, मग ४.०० ला तपासा. आकडा स्थिर होत नसेल तर काचेचा बल्ब वाळून निकामी झाला आहे, नवं पेन घ्या. चुकीच्या आकड्यावर ॲसिड ओतण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

मोजायची वेळ रोज एकच ठेवा, शक्यतो सकाळी उजाडल्यावर. पाणी हिरवट असेल तर शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषतं, पीएच दुपारपर्यंत चढतो आणि रात्री उतरतो. सकाळी ७.२ आणि दुपारी ८.३ असा फरक दिसला तर इलाज ॲसिडचा नाही, सावलीचा आहे. टाकी झाका, उघड्या पाण्यावर ऊन पडू देऊ नका, आठवडाभर थांबून पुन्हा मोजा.

३. अमोनिया आणि नायट्राइट

पीएच वर-खाली करण्याआधी थेंबांच्या किटने हे दोन मोजाच. अमोनिया किती विषारी ठरेल हे पीएचवर अवलंबून असतं. २८ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तो साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो, ९ ला चाळीसच्या. म्हणून पीएच ८.३ असलेल्या टाकीत अमोनिया थोडाही दिसला तरी खाद्य थांबवा. दोन्ही शून्याजवळ असतील तर पुढे जा.

४. दोन बादल्या

"बोअरचं पाणी ताजं मोजलं तर ७.२ येतं, मग टाकीत ८.२ कसं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दबून विरघळलेला असतो आणि तो पीएच खाली धरून ठेवतो. पाणी वर येऊन हलवलं गेलं की वायू उडून जातो आणि खरा पीएच दिसतो. म्हणून एका बादलीत बोअरचं पाणी घ्या, त्यात एअर स्टोन सोडा आणि २४ तासांनी मोजा. तेव्हा येईल तो आकडा तुमच्या पाण्याचा.

दुसरी बादली खडीसाठी. वाफ्यातली मूठ-दोन मूठ खडी धुऊन पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात तीन दिवस ठेवा. आधी आणि नंतर पीएच मोजा. इथे बोअरचं पाणी वापरू नका, ते आधीच कार्बोनेटने भरलेलं असतं आणि खडीतला चुना त्यात फारसा विरघळणार नाही. तीन दिवसांत आकडा ८ कडे सरकला तर खडी दोषी आहे.

पहिल्या बादलीचा पीएच चढला आणि दुसरीचा नाही, तर खडीवर पैसे घालवू नका.

५. व्हिनेगर

दगडावर पांढऱ्या व्हिनेगरचे थेंब टाका आणि कान जवळ न्या. बुडबुडे किंवा बारीक चरचर म्हणजे चुनखडी. नदीपात्रातून आणलेल्या खडीत बऱ्याचदा कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, मिसळलेला असतो. क्वारीची काळी खडी बेसाल्टची, ती स्वतः निर्दोष, पण आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांमध्ये बऱ्याचदा पांढरं कॅल्साइट बसलेलं असतं. म्हणून काळा दगड आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. पांढरे ठिपके असलेले दगड निवडून त्यांच्यावर थेंब टाका. कोकणातल्या जांभ्याच्या खड्यांत हा त्रास सहसा येत नाही.

खडीबरोबर बाकीच्या वस्तूही पाहा: शोभेचे शंख-शिंपले, संगमरवराचे तुकडे, सिमेंटची किंवा फेरोसिमेंटची नवी टाकी. कच्च्या सिमेंटमधून चुना बरेच आठवडे सुटत राहतो. अशी टाकी पाणी भरून, उपसून, पुन्हा भरून मुरवावी लागते, नाहीतर आतून माशांना चालेल असा लेप द्यावा लागतो.

६. केएच मोजा

केएच म्हणजे अल्कलिनिटीचंच माप, अंशांत मोजलेलं. एकच किट परवडत असेल तर मी पीएच पेनाऐवजी केएचचं किट घ्या म्हणेन. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे लिटरला जवळपास १८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. पीएच फक्त या क्षणी पाणी कुठे आहे ते सांगतो, केएच ते हलवायला किती जोर लागेल ते सांगतो.

४ ते ६ अंश हा आरामाचा पट्टा. ३ च्या खाली पीएच अचानक कोसळू शकतो. ८ च्या वर पीएच आपोआप ७ ला येणं कठीण, आणि १२ च्या वर असेल तर ॲसिडशी झुंजत बसण्यापेक्षा पाण्याचा स्रोत बदलणं किंवा मिसळणं शहाणपणाचं. केएच कमी असूनही पीएच चढलेला असेल तर शेवाळ किंवा नवं सिमेंट यांच्याकडे परत जा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, अल्कलिनिटी लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली आहे. त्यामुळे अहवालावर ‘पिण्यास योग्य’ असा शेरा असलेलं पाणीही ॲक्वापोनिक्सला नकोसं ठरू शकतं.

सोसायटीतल्या सॉफ्टनरच्या पाण्याने हा प्रश्न सुटत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून बदल्यात सोडियम सोडतो. बायकार्बोनेट जसंच्या तसं राहतं, म्हणजे केएच तोच, वर सोडियमची भर. सोडियम साचलं की झाडाला पोटॅशियम घेणं अवघड जातं. घरच्या आरओचं वाया जाणारं पाणीही घालू नका, त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. एसीतून ठिबकणारं पाणी मृदू असतं खरं, पण ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं, आणि तांबं माशांना फार कमी प्रमाणातही बाधतं.

७. भरण्याचं पाणी बदला

खरी दुरुस्ती इथे सुरू होते. बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी २०० असेल तर २ भाग बोअर आणि ३ भाग पावसाचं पाणी मिसळलं की ८० च्या आसपास येते. एवढं केलं तरी महिन्याभरात मासे आणि जिवाणू मिळून पीएच स्वतःच खाली आणतात. पहिल्या पावसाचं पाणी छपरावरची धूळ घेऊन येतं, ते सोडून द्या. पिंप झाकलेलं आणि जाळी लावलेलं ठेवा, नाहीतर डासांची पैदास होईल. गच्चीवर नवी मोठी टाकी ठेवणार असाल तर १००० लिटर म्हणजे एक टन वजन, हे इमारतीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय ठेवू नका.

बाष्पीभवन कमी करणं हाही खर्च वाचवणारा उपाय. शेडनेट, टाकीवर झाकण, खडीचा वरचा इंच-दोन इंच कोरडा राहील अशी पाण्याची पातळी. जितकं पाणी कमी उडेल तितकं बोअरचं कमी भरावं लागेल.

८. ॲसिड वापरायचंच असेल तर

पावसाचं पाणी नाही, आरओ परवडत नाही, अशा वेळी ॲसिड लागतं. ते माशांच्या टाकीत ओतू नका. वेगळ्या २०० लिटरच्या प्लॅस्टिक पिंपात भरण्याचं पाणी आधी तयार करा.

आधी २० लिटरच्या बादलीत मात्रा ठरवा. एक-एक मिलिलिटर ॲसिड घालत जा, ढवळा, थोड्या वेळाने केएच मोजा. केएच ४-५ वर आला की एअर स्टोन लावून रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा केएच आणि पीएच पाहा. तीच मात्रा दहापट करून पिंपात. रात्रभर हवा देणं टाळू नका. ॲसिडमुळे बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो असेपर्यंत पीएच खोटा कमी दिसतो, आणि तसंच पाणी टाकीत गेलं तर माशांना गुदमरवतं.

ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, ॲसिडवर पाणी कधीही ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. ठिबकला ॲसिड ट्रीटमेंट करणाऱ्या द्राक्ष बागायतदारांना ही शिस्त माहीत असते, गच्चीवर बाग करणाऱ्यांना बहुधा नसते.

थोडासा उतार हवा असेल तर फूड ग्रेड फॉस्फोरिक ॲसिड चांगलं, त्यातून स्फुरदही मिळतं. पण केएच १५ वरून ५ वर आणायला ते वापरलं तर स्फुरद प्रमाणाबाहेर जातं आणि हार्ड पाण्यात कॅल्शियमबरोबर साका धरतं. तिथे शुद्ध हायड्रोक्लोरिक ॲसिड बरं. किराणा दुकानात फरशी-संडास साफ करायला मिळतं ते नको, त्यात काय मिसळलेलं आहे ते कळत नाही. बॅटरीचं ॲसिडही नको. लिंबू, व्हिनेगर आणि सायट्रिक ॲसिड सुरक्षित वाटतात म्हणून लोक घालतात, पण जिवाणू त्यांचा फडशा पाडतात, त्यात प्राणवायू खर्च होतो आणि पीएच परत वर येतो. आमच्याकडचा ‘उतरतो आणि चढतो’ हा प्रकार निम्म्या वेळा लिंबामुळेच असतो.

टाकीचा पीएच दिवसाला ०.२ ते ०.३ पेक्षा जास्त हलू देऊ नका. ध्येय ६.८ ते ७.० ठेवा. झाडांना ६ आवडेल, जिवाणूंना ७.५, माशांना त्यामधलं. सगळ्यांचं चालेल असा आकडा ७ च्या जरा खाली आहे. ६ चा हट्ट धरू नका.

९. लोह आणि बाकीची अन्नद्रव्यं

पाणी सुधारायला आठवडे लागतात, तोवर झाडं जगवायला चिलेटेड लोह द्या, म्हणजे गाळ होऊन बसू नये म्हणून दुसऱ्या रेणूने (चिलेटने) धरून ठेवलेलं लोह. इथे चिलेटचा प्रकार हाच सगळा मुद्दा आहे. कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं ते १२ टक्क्यांचं ईडीटीए. ते पीएच साडेसहापर्यंत टिकतं, त्यावर, विशेषतः हार्ड पाण्यात, कॅल्शियम लोहाला चिलेटमधून बाहेर ढकलतं. डीटीपीए साडेसातपर्यंत टिकतं. ईडीडीएचए ८ च्या वरही टिकतं, महाग असतं, आणि अडकलेल्या टाकीत तेच उपयोगी पडतं. त्याने पाणी लालसर होतं, घाबरू नका, पण रंगावर चालणाऱ्या सगळ्या चाचण्या आधी उरकून घ्या.

लोहाचं प्रमाण लिटरला २ मिलिग्रॅम धरा. म्हणजे १००० लिटरला २ ग्रॅम लोह: ६ टक्क्यांचं ईडीडीएचए असेल तर ३३ ग्रॅम, ११ टक्क्यांचं डीटीपीए असेल तर १८ ग्रॅम. व्हर्जिन आयलंड्सच्या पद्धतीत दर तीन आठवड्यांनी एवढंच लोह दिलं जायचं. नव्या पानांनी आठवड्याभरात हिरवा रंग धरला पाहिजे. आधीच पांढरी पडलेली पानं सुधारण्याची वाट पाहू नका, पुढच्या फुटीकडे लक्ष ठेवा.

खात्री नसेल तर आधी छोटी चाचणी: लिटरला अर्धा ग्रॅम ईडीटीए लोह घेऊन संध्याकाळी दोन-तीन झाडांच्या पानांवर फवारा. आठवड्यात तीच झाडं हिरवी झाली तर निदान पक्कं. फवाऱ्यात स्टिकर (फवारा पानाला चिकटवणारं द्रव्य) किंवा साबण घालू नका, तो टाकीत उतरला तर माशांचे कल्ले खराब करतो.

हिराकस (फेरस सल्फेट) स्वस्त आहे म्हणून टाकू नका. या पीएचला ते काही वेळातच तपकिरी गाळ होऊन बसतं. फवारणीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रणही पाण्यात घालू नका, त्यात तांबं आणि जस्त असतं आणि टाकीतून ते बाहेर काढायचा सोपा मार्ग नाही. युरिया, अमोनियम सल्फेट ही नावं तर काढूच नका, ते सरळ अमोनिया घालणं आहे.

पोटॅशियमसाठी ०:०:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट. १००० लिटरला ५० ग्रॅम घातलं की लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं आणि पीएच हलत नाही. मॅग्नेशियम सल्फेट ५० ग्रॅम घातलं तर जवळपास ५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. बोअरच्या पाण्यात ते बहुधा आधीच पुरेसं असतं, त्यामुळे जुन्या पानांवर लक्षण दिसल्याशिवाय देऊ नका. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

१०. पीएच उलट खाली जात असेल तर

पावसाचं पाणी जास्त झालं, किंवा सेटअप कोकणात मृदू पाण्यावर असेल, की केएच संपतो आणि पीएच ६ च्या खाली येतो. जिवाणू मंदावतात, अमोनिया साचतो, पण कमी पीएचमुळे तो निरुपद्रवी रूपात असतो आणि मासे ठीक दिसतात. इथे घाईने चुना ओतला तर साचलेला सगळा अमोनिया एकदम विषारी होतो. आधी खाद्य बंद, अमोनिया मोजणं, लागलं तर टाकीच्याच पीएचजवळचं पाणी बदलणं, आणि मग थोडं थोडं वर आणणं.

वर आणायला खाण्याचा चुना आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आळीपाळीने वापरा, म्हणजे कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही मिळतात. १००० लिटरला ५ ग्रॅम चुना बादलीभर पाण्यात कालवून, वरची निवळी हळूहळू सोडा. पोटॅशियम बायकार्बोनेट साधारण ३६ ग्रॅमने केएच एका अंशाने वाढतो. खाण्याचा सोडा अडीअडचणीला एकदा चालेल, सवय नको, सोडियम साचतं.

११. खडी बदलणं

दुसऱ्या बादलीने खडी दोषी ठरवली असेल तरच याला हात घाला. पीएच उतरायला लागला की चुनखडी विरघळते आणि त्याला पुन्हा वर ढकलते, त्यामुळे अशी खडी राहिली तर बाकी सगळे उपाय तात्पुरते ठरतात. जिवाणूंची वस्ती याच दगडांवर असते, म्हणून सगळा वाफा एकदम रिकामा करू नका. एक तृतीयांश बदला, तीन-चार आठवडे थांबा, अमोनिया शून्य आहे याची खात्री करा, मग पुढचा भाग. त्या काळात खाद्य निम्मं ठेवा. नवी खडी आणण्याआधी मूठभर नमुना मागून तीन दिवसांची बादली पुन्हा करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

अमोनिया किंवा नायट्राइट चढलेलं आहे आणि मासे मरताहेत. खाद्य बंद करून हवा वाढवूनही दुसऱ्या दिवशी फरक नाही. माशांच्या अंगावर व्रण, कापसासारखा थर किंवा कल्ल्यांतून रक्त दिसतंय. अशा वेळी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला किंवा जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला गाठा. रत्नागिरीत शिरगाव, विदर्भात नागपूर, मराठवाड्यात उदगीर इथे ती आहेत. औषध अंदाजाने घालू नका. वाफ्यातल्या जिवाणूंना ते मारू शकतं, आणि तीच भाजी तुम्ही खाणार असता.

केएच १५ च्या वर आणि जवळ दुसरं पाणी नाही, किंवा पाणी खारट लागतं आणि पानांच्या कडा जळतात, तर सोडियम, क्लोराइड आणि अल्कलिनिटीसह पूर्ण पाणी तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळा पाणी तपासतात, बऱ्याच कृषी विज्ञान केंद्रांतही सोय असते. अहवालात पीएच ‘सामू’ म्हणून छापलेला असतो. अहवाल हातात आल्याशिवाय आरओ प्लांटची मागणी नोंदवू नका, किती क्षमतेचा लागेल ते त्यावरूनच ठरतं.

मोठ्या प्रमाणात ॲसिड डोसिंग करायचं असेल, म्हणजे पिंपाऐवजी पंप आणि पाइपलाइनने, तर ते बसवायचं काम अनुभवी तंत्रज्ञाचंच. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यांत उडालं तर वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटं धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

नमुना नेताना बोअर दहा मिनिटं चालवून मग बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका आणि त्याच दिवशी पोचवा. टाकीच्या पाण्याची वेगळी बाटली भरा. सोबत कागदावर लिहा: टाकी किती लिटरची, मासे कोणते आणि साधारण किती वजनाचे, रोजचं खाद्य किती, रोज किती पाणी भरता, गेल्या महिन्यात पाण्यात काय काय आणि किती घातलं.